ओटीजी सहा महिने वापरला, रवा टोस्ट मात्र बिडाच्या तव्यावरच

आधीच सांगते, हा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, मी घेतलेला नाही. गेल्या दिवाळीत मुलाने बंगळुरूहून परस्पर मागवून घरी पाठवला. "आई, आणखी किती वर्षं तव्यापाशी उभी राहणार आहेस?" असं फोनवर म्हणाला. १६ लिटरचा, १२०० वॅटचा, काळा, समोर काचेचं दार, उजव्या अंगाला तीन गोल बटणं. किंमत त्याने सांगितली नव्हती, पण खोक्यात बिल राहून गेलं होतं: ४,४९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याचशा या आकाराच्या कुठल्याही ओटीजीला लागू पडतील.

आता माझी गरज काय ती सांगते, म्हणजे मी मार्क कशावर दिले ते कळेल. मी नाशिकला राहते, घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. पहिली बॅच पाचला. सासूबाई दुपारच्या झोपेतून सव्वाचारला उठतात. म्हणजे हातात पाऊण तास, त्यात चहा आणि चहाबरोबर काहीतरी तिखटमिठाचं. आईंचं वय ८१. वर पूर्ण कवळी, खाली चार दात स्वतःचे. गोड बिस्किटं डॉक्टरांनी बंद केली, फरसाण कवळीत अडकतं, आणि पोहे-उपमा संध्याकाळी केला तर "हे सकाळचं झालं ना गं" म्हणून वाटी बाजूला सरकते. फिरून फिरून गाडी रवा टोस्टवरच येते. ब्रेडची एकच स्लाइस, वर रव्याचं सारण, वरून झाकायला दुसरी स्लाइस नाही. सारणाचा वरचा पापुद्रा कुरकुरीत, खालचा ब्रेड मऊ. कवळीला हे चालतं. उलटं झालं की चालत नाही.

तर अटी तीन. वर कुरकुरीत, खाली मऊ, आणि चहा गरम असेपर्यंत ताटलीत. तिसरी अट वाचताना किरकोळ वाटेल, पण ओटीजी खरा तिथेच आपटला.

तसं बघितलं तर आईंच्या लहानपणी ब्रेड म्हणजे आजाऱ्याचं खाणं. ताप उतरला की दूध-ब्रेड, नाहीतर घरात ब्रेड यायचाच नाही. त्यामुळे अजूनही ब्रेडचा पुडा आणला की त्या आधी विचारतात, "कोणाला बरं नाहीये?"

सारण मी असं करते. चार स्लाइसना अर्धी वाटी बारीक रवा, पाव वाटी दही, दोन चमचे साय. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून, अर्धा टोमॅटो बिया काढून, एक मिरची, मूठभर कोथिंबीर. पाणी बेताने, चमच्याचमच्याने. थालीपीठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट, असं झालं की थांबायचं. मग पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, तेवढ्यात रवा फुगून सारण पुन्हा घट्ट होतं. मीठ अगदी शेवटी, ब्रेडला लावायच्या आधी. आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि ब्रेड भिजून फाटतो. ब्रेड कालचा हवा. बेकरीतून आत्ता आणलेल्या लुसलुशीत ब्रेडवर सारण पसरायला गेलं की सुरीबरोबर ब्रेडच गोळा होऊन येतो.

भाऊबीज उरकली आणि ओटीजी खोक्यातून काढला. प्लगची पिन जाड निघाली. आमच्या स्वयंपाकघरात मोठा पॉइंट एकच, तोही फ्रिजच्या मागे. वायरमनला बोलावून ओट्यावर नवीन पॉइंट काढून घेतला, त्याचे साडेसहाशे वेगळे. हे बिलात नसतं, म्हणून लिहिते. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे पहिल्यांदा पंधरा मिनिटं रिकामाच चालवला. कॉइलवरचं कारखान्यातलं तेल जळतं, त्याचा धूर येतो, घाबरायचं कारण नसतं. पण आई बाहेरच्या खोलीतून दर दोन मिनिटांनी "काय लागलं गं?" विचारत होत्या.

पहिला टोस्ट. वरची-खालची दोन्ही कॉइल, १८० डिग्री, आधी दहा मिनिटं तापवून घेतला, मग स्लाइस जाळीवर ठेवून बारा मिनिटं. काचेतून बघताना इतका देखणा दिसत होता की मी फोटो काढून मुलाला पाठवला. त्याने टाळ्या पाठवल्या. तोवर चहा कधीच झाला होता. मी सवयीने स्लाइस आत ठेवल्याबरोबर आधण ठेवलं होतं, आठव्या मिनिटाला चहा गाळायला तयार, आणि टोस्टला अजून चार मिनिटं. झाकून ठेवला, पुन्हा गरम केला. दूध घातलेला चहा दुसऱ्यांदा उकळला की त्याला जो एक तुरट, जुनाट वास येतो तो आला. तो कप आईंच्या हातात दिला, बरोबर टोस्ट दिला. त्यांनी एक घास घेतला, जरा थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, हा टोस्ट की तो टोस्ट?"

आपल्याकडे टोस्ट म्हटलं की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक हा, तव्यावर भाजलेला ब्रेड. दुसरा तो, बेकरीत किलोवर मिळणारा, खडखडीत, चहात बुडवल्याशिवाय तुटत नाही असा. ओटीजीने स्लाइसचा खालचा भाग "तो टोस्ट" करून ठेवला होता. आईंनी मुकाट्याने टोस्ट चहात बुडवला, सारण कपात पडलं, कांदा चहावर तरंगायला लागला. मी कप उचलून आत नेला.

गणिताची बाई असल्यामुळे एका प्रयोगावर निकाल देणं मला जमत नाही. वहीत कोष्टक आखलं. दोन महिन्यांत एकूण अकरा वेळा केलं. सगळं लिहीत बसत नाही, मुख्य तेवढं सांगते. खालची कॉइल बंद ठेवली तर ब्रेड मऊ राहतो, पण सारणाचा फक्त वरचा पापुद्रा वाळतो आणि आतला रवा कचकचत राहतो. "वाळू आहे का गं यात?" हे त्या दिवसाचं वाक्य. वेळ वाढवली तर कांद्याची टोकं काळी पडतात, रवा तसाच. सारण अर्धा तास भिजवलं, कोमट दूध घालून पाहिलं, वरून बटर लावलं, वरच्या खाचेत जाळी लावली. सगळ्यांत बरा निकाल आला तो २३० डिग्रीला, फक्त वरची कॉइल, सारणाचा अगदी पातळ थर, सात मिनिटं. पण थर इतका पातळ की त्याला रवा टोस्ट म्हणायचं ते आपलं मनाचं समाधान.

मग वाटलं, तव्यावर आपण स्लाइस पालथी घालतो, सारणाची बाजू खाली. ओटीजीत का नको? रिकामा ट्रे आत ठेवून दहा मिनिटं तापवला, बटर सोडलं, स्लाइस पालथ्या ठेवल्या. एकदा चर्र झालं आणि आवाज बंद. ट्रे पातळ पत्र्याचा. थंड, ओलं सारण पडल्याबरोबर त्यातली सगळी उष्णता संपली. मग सारण पत्र्याला चिकटून हळूहळू वाळत बसलं. उलथन्याने काढायला गेले तर ब्रेड हातात आणि रवा ट्रेवर.

त्या दिवशी मला कळलं की अडचण डिग्रीत नाहीच. ओटीजीत पदार्थाला लागते ती कॉइलची धग आणि आतली गरम हवा. चीज वितळायला ती पुरते. रव्याला ओलं असतानाच थेट तापलेल्या पृष्ठभागावर टेकायला लागतं, म्हणजे तो आतून शिजतो आणि खालून खरपूस होतो. आणि तो पृष्ठभाग जाड हवा. इतका जाड की थंड सारण पडल्यावरही त्याला फरक पडू नये.

विजेचा हिशोबही मांडला होता. तापवायची दहा आणि भाजायची बारा, अशी बावीस मिनिटं, १२०० वॅटने जास्तीत जास्त ०.४४ युनिट. आतला थर्मोस्टॅट कॉइल चालू-बंद करत असतो, म्हणून प्रत्यक्षात जरा कमी. पैशांत ही रक्कम फार नाही. पण दोन बायकांच्या चार स्लाइससाठी बावीस मिनिटं ओटा तापत राहतो. एप्रिलच्या नाशिकमध्ये हे नको वाटतं.

घरातला तवा नॉनस्टिकचा होता, त्याचा थर निघून वर नकाशे उमटलेले. म्हणून जानेवारीत एका शनिवारी भांडी बाजारात गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या नाशिकात, सराफ बाजाराच्या लगत, गोदावरीच्या जवळ. तांब्या-पितळेसाठी लोक लांबून येतात. मी गेले त्या दुकानात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, भांडी सगळ्यांत खालच्या फळीवर, जवळजवळ जमिनीवर मांडलेली होती. वाकून बघायला लागलं म्हणून मी कुरकुरले, तर दुकानदार काका म्हणाले, "ताई, इथपर्यंत पुराचं पाणी येतं. पितळ वर ठेवतो. बीड कुठे वाहून जातंय?"

या दुकानाला मी पैकीच्या पैकी मार्क देईन, कारण काकांनी तवा विकायच्या आधी तपासायला शिकवलं. तव्याच्या कानात दोरी अडकवून तो अधांतरी धरला आणि काठावर दहा रुपयांच्या नाण्याने टक् केलं. चांगल्या तव्याचा आवाज घंटेसारखा, जरा वेळ टिकणारा. मग दुसरा उचलला, पुन्हा टक्. आवाज बद्द. "याला कुठेतरी बारीक चीर आहे, दिसणार नाही. दोन महिन्यांनी गॅसवर तडकेल." तो त्यांनी बाजूला ठेवला. मग निवडलेला तवा काउंटरच्या काचेवर पालथा घालून बोटाने दाबून दाखवला, डुगडुगतो का बघायला. सपाट तवा डुगडुगला तर गॅसवर एकाच बाजूने तापतो. माझा व्यास २५ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना छोटे कान, वजन १ किलो ९०० ग्रॅम. ३८० रुपये किलोने ७२२ झाले, काकांनी ७२० घेतले. पावती मागितली तर हसले, पण दिली.

नवीन बिडाचा तवा लगेच वापरता येत नाही, हे ज्यांना माहीत नसेल त्यांनी नीट वाचावं. आणला तेव्हा राखाडी, खरखरीत होता, हाताला काळं लागत होतं. गरम पाण्याने एकदा साबण लावून धुतला, गॅसवर कोरडा केला, शेंगदाणा तेलाचा पातळ हात फिरवला आणि धूर निघेपर्यंत तापवून गार केला. असं दोन दिवसांत चार वेळा. पुढचं आईंनी हातात घेतलं. त्यांचं माहेर देवगडकडचं. कांदा आडवा कापून त्याचा अर्धा भाग काट्याला टोचला, तेलात बुडवला, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या मला सांगत राहिल्या, "गोल फिरव. कडेपर्यंत. घाई नको." मग तीन दिवस फक्त घावन. "पहिली मोडतील. ती मी खाईन," म्हणाल्या. मोडली. त्यांनी खाल्ली. चौथ्या दिवशी घावन आपसूक सुटून आलं, कड उचलायचीही गरज पडली नाही.

तरी पहिला रवा टोस्ट बिघडलाच. सारणातलं दही आणि टोमॅटो आंबट, तवा अजून कोवळा. सारणाला राखेसारखा रंग चढला, आणि जिभेला खिळा लागल्यासारखी चव. त्यानंतर महिनाभर टोमॅटो बंद ठेवला आणि दही निम्मं करून त्याजागी साय घातली. आता तवा काळाभोर झालाय, आता टोमॅटो चालतो. फक्त गॅस बंद केल्यावर टोस्ट तव्यावर राहू द्यायचे नाहीत.

आता चार वीसचा कार्यक्रम सांगते, कारण तवा आणि चहा यांची वेळ जुळते कशी हे मला मनापासून आवडलेलं आहे. सारण चारलाच भिजवून ठेवलेलं असतं. डाव्या शेगडीवर तवा, बारीक आच. उजवीकडे पातेल्यात दीड कप पाणी, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून, आणि गॅलरीतल्या कुंडीतल्या गवती चहाची दोन पाती बोटभर तुकडे करून. आलं पाण्यातच उकळून घ्यायचं. एकदा घाईत कच्चं आलं थेट दुधात टाकलं होतं, चहाचं पनीर झालं. पाणी खळखळलं की पत्ती दोन चमचे, साखर मला दोन चमचे आणि आईंना अर्धा, म्हणून पातेल्यात त्यांच्या चवीपुरतीच घालते आणि माझी वरची नंतर कपात. तोवर तव्याला चार मिनिटं झालेली असतात. पाण्याचा थेंब टाकून बघायचा. नुसता फसफसून आटला तर अजून वेळ आहे, गोळी होऊन पळाला तर तयार.

बटरचा लहान खडा फिरवते, तेलाचे दोन थेंब बरोबर. स्लाइसवर सारण पार कडेपर्यंत पसरलेलं हवं. कोपरे उघडे राहिले की तेवढेच जळतात. पालथी घातली की चर्र आवाज येतो आणि तो येतच राहतो. इथेच १ किलो ९०० ग्रॅमचे पैसे वसूल होतात. उलथन्याने दाबायचं नाही, दाबलं की सारण बाजूने बाहेर येतं. वर एक खोलगट झाकण. आतल्या वाफेने रवा शिजतो आणि वरचा ब्रेड मऊ राहतो. कवळीची अट इथे पूर्ण होते. झाकण ठेवलं की उजवीकडे वळून चहात अर्धा कप दूध. दूध वर यायला लागलं की आच कमी, पुन्हा एकदा वर येऊ द्यायचं, मग बंद करून झाकण. एवढ्यात तीन मिनिटं होतात. टोस्टची कड उलथन्याने हलकेच उचलायची. सुटत नसेल तर ओढायचं नाही, त्याला अजून अर्धा मिनिट हवं असतं. झाला की स्वतःहून सुटतो. उलटल्यावर खालच्या बाजूला तीस-चाळीस सेकंद, नुसता ऊबदार होण्यापुरतं. चहा गाळला, टोस्ट ताटलीत. घड्याळात चार एकतीस.

अकरा मिनिटं. त्यात माझं उभं राहणं आहे, ते मुलाला खटकतं. पण ओटीजीसमोरही मी उभीच असायचे, काचेतून आत बघत.

तव्याचे दोष आता. एक, वजन. माझं मनगट दोन दिवस दुखलं, आणि आईंना तो उचलताच येत नाही. आधी कधीमधी त्या स्वतः उठून काहीतरी भाजून घ्यायच्या, ते बंद झालं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं हे मला दिसतं. दोन, कान तापतात, सांडशी हाताशी हवीच. तीन, गंज. फेब्रुवारीत एका रात्री आमच्या मावशींनी तवा सिंकमध्ये पाण्यात भिजत घातला आणि वर तारेच्या घासणीने चांगला घासला. बिचाऱ्यांनी मेहनत केली होती. सकाळी तवा नारिंगी. पुन्हा चार वेळा तेल, पुन्हा कांदा, पुन्हा घावन. आता तो मी कोमट पाण्याने पुसते, गॅसवर वाळवते आणि मावशींच्या नजरेआड, बटाट्यांच्या टोपलीमागे ठेवते. चार, एका वेळी दोनच स्लाइस बसतात. चार जणांना एकदम द्यायचे असतील तर पहिल्या दोघांचा चहा संपल्यावर दुसऱ्या दोघांचे टोस्ट येतात. पाहुण्यांच्या घरात हा तवा पुरा पडणार नाही.

आणि इथे ओटीजीची बाजू घ्यायला हवी, नाहीतर मुलगा वाचेल तेव्हा रुसेल. दहावीच्या बॅचचा शेवटचा दिवस होता, नऊ मुलं. "बाई, पार्टी" म्हणाली. ओटीजीत एका वेळी चार स्लाइस बसतात. शिमला मिरची, मक्याचे दाणे, वर किसलेलं चीज, २०० डिग्रीला सहा मिनिटं. एकदा तापला की पुढच्या खेपा पटापट निघतात. तीन खेपांत नऊ मुलांना एकेक टोस्ट मिळाला, उरलेले तीन कोणी खाल्ले याचा तपास लागला नाही. खालचा ब्रेड कडक झाला होता, पण सोळा वर्षांच्या दातांना त्याचं काय! कुरकुरीत झालाय म्हणून दोघांनी कौतुकच केलं. चहा कोणाला नको होता, त्यामुळे वेळेचाही प्रश्न नव्हता. तव्यावर एवढं करायचं म्हणजे त्रिकोणमितीची शेवटची उजळणी बुडाली असती.

शेंगदाणे तर आता मी ओटीजीतच भाजते. अर्धा किलो, ट्रेमध्ये एकाच थरात, १५० डिग्री, वीस मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे. सगळे सारखे भाजले जातात, सालं चोळली की निघतात, कूट पांढरंशुभ्र होतं. चिवड्याचे पातळ पोहेही त्यात छान कुरकुरीत होतात, तुटत नाहीत. या दोन कामांसाठी मी तो कोणालाही घ्यायला सांगेन.

टायमर मात्र भिकार. दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ लावायचा तर बटण आधी वीसच्या पुढे नेऊन मागे आणावं लागतं, नाहीतर घंटीच वाजत नाही. हे पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे. चौथ्या महिन्यात तो तीन मिनिटांवर अडकायला लागला. टिकटिक चालू, कॉइल चालू, बटण जागच्या जागी. हे धोक्याचं आहे. शेंगदाणे आत असते आणि मी वर्गात असते तर? ग्राहकसेवेला फोन केला. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल म्हणाले, तो नवव्या दिवशी आला, आणि टायमर न बदलता वरचं प्लॅस्टिकचं बटण बदलून गेला. सही घेतली, पाच तारे द्या म्हणाला. मी दोन दिले, तर दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन, "मॅडम, काही नाराजी आहे का?" टायमर अजूनही तीनवर अडकतो. मी फोनवर गजर लावते आणि घंटीवर विसंबत नाही.

तर मार्क. ओटीजीला रवा टोस्टसाठी १०पैकी ३, तेही खालची कॉइल बंद करता येते म्हणून. चीज टोस्ट, शेंगदाणे आणि बाकीच्या कामांना ७, टायमरचा १ वजा करून. बिडाच्या तव्याला ८. एक मार्क वजनाचा कापला, एक गंजाचा. आईंनी तव्याला दहा दिले असते, पण त्या तवा घासत नाहीत.

मुलगा पुढच्या महिन्यात येतोय. आईंनी ठरवलंय की त्याच्याबरोबर बंगळुरूला एक तवा जायलाच हवा. "तिकडे एकटा काय खातो कोण जाणे," हे रोज एकदा. विमानात दोन किलोचं लोखंड बॅगेत घालणार का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कपडे कमी ने म्हणावं." शनिवारी भांडी बाजारात जाणार आहे. दहा रुपयांचं नाणं पर्समध्ये वेगळं काढून ठेवलंय.